दोन फूट समुद्राची दिवाबत्ती

लातूरला समुद्र नाही, हे भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे आणि त्याबद्दल लातूरकरांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. जिथे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तिथे समुद्राची वाट कोण पाहतो! पण दोन हजार तीन साली सहजीवन कॉलनीत येऊन कुणी विचारलं असतं, तर शेंबडं पोरही बोट दाखवून म्हणालं असतं, "समुद्र? कौठेकर सरांच्या बैठकीत. डाव्या हाताला, टीव्हीच्या शेजारी."

काचेच्या टाकीतला हा समुद्र दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट खोल होता. त्यात हैदराबादहून आणलेलं समुद्राचं मीठ होतं, हैदराबादहूनच एस.टी.त मांडीवर घेऊन आणलेला एक शेंदरी मासा होता आणि तो मासा ज्याच्या कुशीत राहायचा ते एक समुद्रफूल होतं. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, तो प्राणी असतो, असं रेणुकादास कौठेकर घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. ते कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत, त्यामुळे समोरच्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. पाहुणा सगळं ऐकून घेई, मान हलवी आणि म्हणे, "लई छान हाय हो फूल." माशाचं नाव शेंदऱ्या.

हा मासा हौसेचा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर लातुरात घराघराने आपापली घंटा बांधली होती. कुणी तांब्यावर वाटी आणि वाटीत चमचा ठेवून झोपे, कुणी खिडकीत एकावर एक पेले रचे. जमीन हलली की भांडी वाजतील आणि आपण पळू, असा तो बंदोबस्त. एका मांजराने या बंदोबस्तापायी अख्खी कॉलनी तीनदा रस्त्यावर आणली होती. रेणुकादासांच्या पत्नीचा, विमलचा, भांड्यांवर विश्वास नव्हता. "भांडं वाजंपर्यंत छत खाली आलेलं असतंय," ती म्हणायची. "आधी कळाया पाहिजे." तिच्या थोरल्या बहिणीचं औशाकडचं घर त्या पहाटे बसलं आणि बहीण त्यातच राहिली. त्यामुळे या विषयावर विमलशी वाद घालण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, आणि रेणुकादासांनी तो कधी मागितलाही नाही. पाच वर्षं ती स्लॅबखाली झोपली नाही. परसातल्या पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात भाजून निघत आणि थंडीत कुडकुडत, तिने पाच वर्षं काढली.

मग कुठल्याशा पेपरात आलं की माशांना भूकंप आधी कळतो. बातमी सातव्या पानावर, कोपऱ्यात, एका शास्त्रज्ञाच्या हवाल्याने होती. त्यात शास्त्र किती आणि जागा भरण्याची निकड किती, हे रेणुकादासांना वाचताक्षणी कळलं. पण विमलने तो तुकडा कापून देवघरात ठेवलेला त्यांनी पाहिला आणि ते माशाच्या चौकशीला लागले.

मासा खाऱ्या पाण्यातलाच का, याचं श्रेय शेजारच्या अण्णारावांना. अण्णाराव पाटबंधारे खात्यात होते. विष्णुपुरीसारख्या धरणांवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, त्यामुळे पाण्याच्या विषयात कॉलनीतला शेवटचा शब्द त्यांचा. "सर, तुमच्या बोअरचं पाणी खारट हाय," ते म्हणाले. "गोड्या पाण्यातला मासा टिकायचा न्हाई. खारट पाण्याला खारट मासा. सोपा हिशोब हाय." बोअरचा खारटपणा आणि समुद्राचा खारटपणा यांची आपसात ओळखसुद्धा नसते, हे मासा घरात आल्यावर कळलं. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला हे आधी कसं कळलं नाही, असा प्रश्न कुणी विचारला की रेणुकादास विषय बदलत.

पण पहिल्याच रात्री विमलने टाकीसमोर गादी घातली आणि ती पाच वर्षांनी स्लॅबखाली झोपली. त्या दिवसापासून समुद्र हा त्या घरातला कर्ता पुरुष झाला. रेणुकादासांना पहाटे साडेतीनला उठून पाण्याचं तापमान बघायची सवय लागली. पहाटे पाणी सगळ्यात थंड असतं, हे शास्त्रीय कारण. चार वाजून गेले की ते खुर्ची जागेवर सरकवून पुन्हा पडत.

तर त्या पावसाळ्यात, म्हणजे ज्याला पंचांगाने पावसाळा म्हटलं होतं आणि आभाळाने म्हटलं नव्हतं, विमल एका सकाळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, फूल मिटून राहिलंय."

रेणुकादासांनी पाहिलं. फूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं आणि त्याचा तपकिरी रंग उडून ते जुन्या बनियनसारखं दिसत होतं. शेंदऱ्या त्याला तोंडाने ढुशा देत होता.

"हे गेलं तर शेंदऱ्या कुठं ऱ्हाईल?" विमलने विचारलं. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी, ती म्हणाली, "शेंदऱ्या न्हाई तर मी बी न्हाई बाई हितं. मी आपली पत्र्यात जाते."

रेणुकादासांनी त्याच दिवशी चौकातल्या एस.टी.डी. बूथवरून हैदराबादच्या मासेवाल्याला फोन लावला. मासेवाला शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं, "उजाला कितने का है साब?"

"वीस वॅटची ट्यूब आहे."

"क्या बोलते साब! बीस वाट में तो आदमी उदास हो जाता. समंदर का माल है, उसको धूप होना. मेटल हलाइड लगाव. लगाने के बाद आठ दिन सबर करो. हाथ नक्को लगाव."

ही बातमी रेणुकादास घरी पोचण्याआधी कॉलनीत पोचली, कारण बूथमध्ये मागे चार माणसं उभी होती. संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. अण्णारावांच्या पत्नी तुळजाबाई क्लासच्या पोरांची खाणावळ चालवत आणि साठ पोरांच्या पोळ्या लाटता लाटता जगाची काळजी वाहत. त्या टाकीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "दीठ लागलीय हो माशाला. मीठ उतरून टाका."

"काकू, त्यात मीठच आहे," रेणुकादास म्हणाले.

"मग जास्त झालं असंल," तुळजाबाई म्हणाल्या.

अण्णारावांना मात्र मेटल हॅलाइडचा प्रखर दिवा ही उधळपट्टी वाटली. बाहेर एवढं ऊन मोकाट पडलेलं असताना दिवा कशाला? त्यांनी कपाटाचा जुना आरसा आणवला, कंपाउंडच्या भिंतीवर विटांनी टेकवला आणि दुपारचं ऊन बरोब्बर खिडकीतून टाकीवर पाडलं. दहा मिनिटं समुद्र झगमगला. दोघंही चहा प्यायला बसले. सूर्य सरकतो ही गोष्ट अण्णारावांनी हिशोबात धरली नव्हती. धरणाच्या खात्यात सूर्याशी फारसा संबंध येत नसावा. कवडसा टाकीवरून निघाला, भिंत चढला, रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फिजिक्सच्या क्लासमध्ये शिरला आणि एकशेवीस पोरांसमोर शिकवणाऱ्या सरांच्या डोळ्यांत जाऊन बसला. थोड्या वेळाने तिथला शिपाई निरोप घेऊन आला. "सरांनी सांगितलंय, परावर्तन आमचं शिकवून झालंय."

रेणुकादासांचे कान लाल झाले. त्याचं एक कारण होतं. त्या दिवसांत लातुरात शिकवणीचं पीक असं आलं होतं की नांदेड-बिदरपासून आईबाप पोरांना ट्रंका-गाद्यांसकट आणून सोडत. ज्याच्या घरी दोन खोल्या जास्त त्याचं होस्टेल, ज्याची बायको सुगरण तिची खाणावळ आणि ज्याच्या हाती खडू त्याचा क्लास. रेणुकादासांच्या बरोबरीच्या मास्तरांनी बंगले बांधले. रेणुकादासांनी बावीस वर्षांत एकही शिकवणी घेतली नव्हती. पगार घेतो त्याच वर्गात शिकवायचं, एवढंच त्यांचं तत्त्व. ते त्यांनी कुणाला ऐकवलं नव्हतं, पण कुणी ऐकून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. अशा माणसाला फिजिक्सच्या क्लासवाल्याने परावर्तन शिकवावं, हे लागणारच.

"अण्णा, आता दिवाच," ते म्हणाले.

दिवा आणला बजरंगने. बजरंग लोह्याचा. कॉलनीतली वायरिंग तोच करायचा, पण त्याचं खरं काम क्लासच्या बोर्डांना दिवे लावण्याचं. त्याने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला, त्याला विटेएवढा चोक होता.

"सर, बोर्डावर फोटो असतात बघा, शंभरपैकी शंभरवाल्या पोरांचे? त्यांच्या तोंडावर ह्योच मारून राहिलो मी. लई पावरबाज. दोन किलोमीटरवरनं पोरगं वळखू येतंय."

"माशाला चालेल का?"

"शंभर मार्कवाल्याला चालतंय, माशाचं काय घेऊन बसलात?"

दिवा टाकीच्या वर दीड फुटावर लटकवायचा होता. बजरंगने ड्रिल काढलं, स्टुलावर चढला आणि स्लॅबला टोक लावलं. आतून विमल लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

"स्लॅबला भोक? मी जिवंत असंपर्यंत न्हाई."

"वैनी, एवढंसं भोक..."

"त्या भिंतीलाबी एवढीशीच चीर होती," विमल म्हणाली. कोणती भिंत हे तिने सांगितलं नाही. बजरंग गुपचूप खाली उतरला. त्या घरात दहा वर्षं टेबलफॅनच होता, हे त्याला आठवायला हवं होतं.

आता लटकवायचं कशाला? उत्तर रेणुकादासांना कॉलेजात सापडलं. स्टोअरमध्ये फळ्याची एक जुनी लाकडी घोडी धूळ खात पडली होती. तिच्या वरच्या आडव्या दांडीला दिवा टांगला की काम झालं. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला: "महोदय, निकामी फळ्याची घोडी खाऱ्या पाण्यातील मासा या कारणास्तव तात्पुरती मिळावी." कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि मासा विज्ञान शाखेत येतो का, असं विचारलं. मग घोडी डेड स्टॉक रजिस्टरात सापडेना. रजिस्टरात नसलेली वस्तू देता येत नाही आणि समोर उभी असलेली वस्तू नाही म्हणता येत नाही, यात तीन दिवस गेले. शेवटी प्राचार्यांनी शेरा मारला, "पाहून परत करावी." काय पाहून, ते त्यांनी लिहिलं नाही. घोडी रिक्षातून घरी आली. तिच्या पायावर पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिलं होतं: बारावी अ.

पहिल्या संध्याकाळी बजरंगने बटन दाबलं आणि घराचा फ्यूज गेला. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा खांबावरचा गेला आणि निम्मी गल्ली अंधारात बुडाली. बजरंगने सांगितलं, लोड वाढवून घ्यावा लागेल. वीज कार्यालयाच्या अर्जात एक रकाना होता: वाढीव भाराचा उद्देश. खोटं लिहायचं नाही म्हणून रेणुकादासांनी लिहिलं, "समुद्री जीवांस प्रकाश." खिडकीतल्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही मास्तर का?"

"हो."

"मग सरळ क्लास लिहा की. लाजायचं काय त्यात? सगळेच लिहून राहिलेत."

"मी क्लास घेत नाही. माझ्याकडे मासा आहे."

"बरं, मासा तर मासा," बाबू म्हणाला, आणि रेणुकादासांकडे बघून त्याने एक डोळा बारीक केला. बावीस वर्षांच्या तत्त्वाला कुणी डोळा मारण्याची ती पहिली वेळ होती.

अखेर एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजता दिवा लागला. आधी जांभळा, मग निळसर, आणि तीन-चार मिनिटांनी असा लख्ख पांढरा, की देवघरातल्या समईला आपण कशाला जळतोय असं वाटलं असेल. खिडकीतून उजेडाचा एक मोठा चौकोन बाहेर रस्त्यावर पडला. गल्लीतला खांबावरचा दिवा त्या फ्यूजबरोबर जो गेला होता, तो अजून आला नव्हता. त्यामुळे त्या चौकोनात आधी एक पोरगा वही घेऊन बसला, मग चार, आणि गुरुवारपर्यंत वीस-बावीस पोरं-पोरी मांडी घालून बसलेली. खाणावळीतून जेवून यायची आणि सरळ उजेडात बसायची.

फूल मात्र उघडलं नाही. उलट आणखी मिटलं. शनिवारी विमलने पत्र्याची खोली झाडून घेतली. रेणुकादासांनी ते पाहिलं आणि कॅलेंडरावर दिवस मोजले. आठ दिवस सबर, असं ते स्वतःला बजावत राहिले.

त्यातच एका पोरीने खिडकीच्या गजांतून विचारलं, "सर, ही रिअ‍ॅक्शन पुढं जातच न्हाई हो." बिलोलीची पोर, डोळ्यांत झोप आणि हातात पेन. आता मास्तराला कुणी अडलेली रिअ‍ॅक्शन दाखवावी आणि त्याने पाठ फिरवावी, हे कसं व्हावं? रेणुकादासांनी आतूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन वह्या गजांतून आत आल्या. हे शिकवणं नव्हे, शेजारधर्म आहे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्यांच्या पाठीमागे लख्ख दिवा, शेजारी फळ्याची घोडी, घोडीवर बारावी अ, आणि समोर बावीस पोरं. बाहेरून हे चित्र कसं दिसतं, ते पाहायला ते बाहेर कधी गेलेच नाहीत.

आठवड्यात नाव पडलं: समुद्र क्लासेस. लोह्याचे एक गृहस्थ मुलाला घेऊन दारात उभे राहिले.

"मी क्लास घेत नाही हो!" रेणुकादास जवळजवळ ओरडले.

गृहस्थांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "हाव सर, मालूम हाय आम्हाला. कुनाला सांगत न्हाई. फक्त बॅच कितीची ते सांगा."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. कुणीतरी अर्ज केला. कुणी, ते कधी कळलं नाही. समोरच्या दुसऱ्या मजल्याकडे बघायचं रेणुकादास टाळत. दिवा लागल्याच्या नवव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला शिक्षण खात्याचे एक अधिकारी, सिद्धलिंग स्वामी, कातडी बॅग घेऊन गल्लीत आले. अनुदानित कॉलेजच्या मास्तराने खासगी शिकवणी घेतली, की नोकरीवर येत असे. अण्णारावांनी त्यांना लांबून पाहिलं आणि मागच्या दाराने धापा टाकत आत आले. "सर! तपासनी! घोडी हलवा!"

आपण काहीही गैर केलेलं नाही, हे रेणुकादासांना पक्कं माहीत होतं. तरी हात घोडीकडे गेला. प्रामाणिक माणूस घाबरला की चोरासारखाच वागतो, त्याला पर्याय नसतो. "बारावी अ" भिंतीकडे जावं म्हणून त्यांनी घोडीला हिसका दिला. वरचा दिवा झोक्यासारखा हलला. त्याबरोबर टाकीत उजेड आणि अंधार गरागरा फिरू लागले, आणि शेंदऱ्या वेड्यासारखा या काचेवरून त्या काचेवर आपटू लागला. पाणी उडून बाहेर आलं.

विमल त्याच वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. तिने घोडी पाहिली नाही, नवरा पाहिला नाही, दारातला साहेब पाहिला नाही. तिने मासा पाहिला.

"बाहेर निघा!" ती ओरडली. "सगळे बाहेर निघा! शेंदऱ्या फिरून राहिला!"

त्या हाकेला सहजीवन कॉलनीत कुणी कारण विचारत नसे. तुळजाबाई पोळीसकट निघाल्या. खाणावळीतली पोरं ताटं घेऊन निघाली. समोरचा फिजिक्सचा क्लास दोन जिन्यांनी खाली सांडला आणि त्याचे सर सगळ्यांत पुढे होते. विमलने एका हाताने नवऱ्याला धरलं, दुसऱ्याने स्वामी साहेबांना, आणि दोघांना फरफटत कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर नेलं. कुठे उभं राहायचं, तारांपासून किती लांब, कुणी कुणाला मोजायचं, हे लोकांना दहा वर्षांनंतरही पाठ होतं. तीन मिनिटांत दोनशे माणसं उघड्यावर बसली.

आणि काहीच झालं नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी उठेना. मग अण्णाराव हळूच म्हणाले, "त्या दिशी मी हितंच बसलो होतो. अंगात बनियन, पायात काय न्हाई." कुणीतरी म्हणालं, आमच्या चुलीतला इस्तू तसाच होता. तुळजाबाईंनी सांगितलं, त्या आठवड्यात सगळ्या गल्लीचा स्वयंपाक या प्लॉटवर एका चुलीवर झाला, आणि कुणाची भाकरी कुणाच्या ताटात गेली ते कुणी पाहिलं नाही. इतकी वाईट वेळ आणि इतकी माया त्या गल्लीने पुन्हा कधी एकत्र पाहिली नव्हती. नांदेडकडची पोरं, जी तेव्हा सहा-सात वर्षांची होती, ती हातातला घास तसाच धरून ऐकत होती. स्वामी साहेब निलंग्याचे निघाले. त्यांनी बॅग मांडीवर घेतली आणि म्हणाले, "आमचा बैल दावं तोडून पळाला, त्याला धरायला बाप बाहेर आला म्हणून बाप वाचला." मग त्यांनी चष्मा पुसला.

अर्धा तास झाला. लोकांचे डोळे हळूहळू विमलकडे वळले. विमल मान खाली घालून बसली होती. "खोटं बोलला," ती पुटपुटली. "शेंदऱ्याबी खोटं बोलला." तिने पदर ओढून घेतला. "मी पत्र्यात जाते."

रेणुकादासांनी एकदा स्वामी साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवरच्या बॅगेत अर्ज होता, अर्जात बावीस वर्षं होती. नुसतं गप्प बसलं तरी भागणार होतं. माशाचं काय, मासा कधीही बिथरतो. मग त्यांनी विमलकडे पाहिलं आणि ते उभे राहिले.

"मासा खोटं बोललेला नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. वर्गातला आवाज लागला होता. "साहेब आले म्हणून मी घाबरलो. फळ्याची घोडी लपवायला गेलो आणि दिवा हलला. मासा त्यानं भ्यायला. चूक माझी आहे. विमल, शेंदऱ्या खरा आहे. तू पत्र्यात जाऊ नकोस."

अण्णारावांनी कपाळावर हात मारला. घोडी लपवत होतो, हे साहेबासमोर कबूल करणारा मास्तर त्यांनी तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत पाहिला नव्हता.

स्वामी साहेब उठले. "चला, बघू तुमचा क्लास," एवढंच म्हणाले.

सगळी वरात माघारी निघाली. गल्ली अंधारात होती आणि कौठेकरांचं दार धावपळीत सताड उघडं राहिलं होतं. लांबूनच आत समुद्र दिसत होता, निळा, स्वच्छ, आपल्या जागी. दिवा हलायचा थांबला होता. घर अर्धा तास रिकामं राहिलं होतं, आणि एवढा वेळ त्या टाकीला कुणी हात लावला नव्हता, कुणी काचेवर नाक टेकवलं नव्हतं, हे महिन्यात पहिल्यांदाच घडलं होतं.

फूल उघडलं होतं. पुरतं, ताटाएवढं. त्याची तपकिरी बोटं संथ हलत होती आणि मधोमध शेंदऱ्या पहुडला होता.

"अगं बया," तुळजाबाई म्हणाल्या. खिडकीच्या गजांना बावीस तोंडं लागली. स्वामी साहेब टाकीसमोर वाकून बराच वेळ पाहत राहिले. "लई छान फूल हाय हो," ते म्हणाले.

रेणुकादासांनी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्ती न करता मिटलं.

अहवालाची प्रत पुढे कॉलेजात आली. त्यात लिहिलं होतं: "सदर ठिकाणी शिकवणी वर्ग आढळून आला नाही. एक मासा आढळला. घोडी त्याच्याच वापरात आहे." ही प्रत प्राचार्यांनी डेड स्टॉक रजिस्टराला टाचून ठेवली आणि घोडीचा प्रश्न कायमचा मिटला.

त्या रात्री विमलने टाकीसमोर गादी घातली. रेणुकादास ओशाळून म्हणाले, "म्हणजे तुझा शेंदऱ्यावर विश्वास आहे ना अजून?"

विमल उशी ठोकत होती. "मी काय येडी हाय का माशाच्या भरवशावर झोपायला?" ती म्हणाली. "रोज साडेतीनला तुम्ही खुर्ची ओढता. तो आवाज आला की मी कूस पालटते आन झोपते. मासा कशाला, तुम्ही बसलेले असता की."

पाणी पहाटे सगळ्यात थंड असतं, हे रेणुकादास पाच वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. तीन छप्पन, म्हणजे त्या पहाटे जमीन हलली ती वेळ, उलटेपर्यंत त्यांना स्वतःलाच अंथरुणात पडवत नसे, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि कुणाला ते ठाऊक असेल असं त्यांना वाटलंही नव्हतं.

आता त्या गल्लीत चारचारमजली होस्टेलं झाली आहेत. तो रिकामा प्लॉट उरला नाही, खाणावळ नाही, अण्णाराव नाहीत. शेंदऱ्याही पुढची सात वर्षं राहून गेला. दिवे आता इतके आहेत की कुणाच्या खिडकीखाली वही घेऊन बसायची वेळ कुठल्या पोरावर येत नाही. रेणुकादासांना त्याचं बरं वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं. पण त्यांना विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणातली एकच गोष्ट ते सांगतात, दुसऱ्या दिवशीच्या सकाळची.

ते जागे झाले तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. घड्याळात सहा वाजून गेलेले. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना जाग आली नव्हती. ते दचकून उठले आणि बैठकीत धावले. टाकीसमोर खुर्ची ओढलेली होती आणि तिच्यावर अंगाभोवती शाल लपेटून विमल बसली होती.

"निजा की अजून," ती म्हणाली. "आज माझी पाळी होती."